व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून: आयसीयूत प्रत्येक पाळीत करायची कामं

घशात नळी घातलेल्या माणसाला गिळता येत नाही आणि जोर लावून खोकताही येत नाही. एरवी दिवसभरात लिटरभराच्या आसपास लाळ आपण नकळत गिळतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची तीच लाळ घशात साचते, नळीभोवती हवा भरून बसवलेल्या फुग्यावर तळं करून राहते. फुगा श्वासनलिकेत घट्ट बसलेला असला तरी त्याच्या पातळ प्लास्टिकला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतून ही लाळ थेंब थेंब फुप्फुसाकडे झिरपते. त्यात गंभीर आजारी माणसाच्या तोंडातले जंतू काही दिवसांतच बदलतात. नेहमीचे निरुपद्रवी जंतू मागे पडतात आणि क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास असे रुग्णालयात वावरणारे जंतू तिथे घर करतात. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बहुतेक वेळा असा होतो. तो मशीनच्या हवेतून येत नाही, तोंडातून खाली उतरतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं प्रत्येक काम का करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

शब्दांचा एक गोंधळ आधीच मिटवू. आपल्याकडे नळीच्या फुग्यालाही कफ म्हणतात आणि छातीतल्या बेडक्यालाही कफच म्हणतात. पाळी सोपवताना ‘कफ बघून घ्या’ एवढंच सांगितलं तर ऐकणारा फुगा तपासेल की सक्शन करेल (म्हणजे बेडका ओढून काढेल), याचा भरवसा नसतो. म्हणून इथे फुगा आणि बेडका असेच शब्द वापरले आहेत. वॉर्डातही तसेच वापरा.

दाखल झाल्यावर ४८ तास उलटून सुरू झालेला, आणि दाखल होताना शरीरात नसलेला न्यूमोनिया हा रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया. नळी टाकून ४८ तास उलटल्यावर सुरू झाला तर तो व्हेंटिलेटर न्यूमोनिया. यासाठी नळी टाकल्याची तारीख आणि वेळ केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेली हवी. दुसऱ्या दवाखान्यातून नळी टाकूनच रुग्ण आला असेल तर तिथे फोन करून वेळ विचारून घ्या आणि लगेच नोंदवा. चार दिवसांनी ती कुणालाच आठवत नाही.

कुणाला धोका जास्त

सगळ्यात मोठा धोका नळीचाच, आणि ती किती दिवस राहते याचा. कॅनडातल्या आयसीयूंमधल्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ५ दिवसांत दर दिवशी सुमारे ३ टक्के, पुढच्या ५ दिवसांत दर दिवशी सुमारे २ टक्के आणि त्यानंतर सुमारे १ टक्का असा धोका निघाला. म्हणजे सुरुवातीचे दिवस सर्वांत नाजूक. ‘आज तर दुसराच दिवस आहे’ म्हणून तोंडाची स्वच्छता उद्यावर टाकणं तिथेच महाग पडतं.

नळी काढून पुन्हा टाकावी लागली तर धोका आणखी वाढतो. नळी टाकताना फुग्यावर साचलेलं किंवा पोटातलं काहीबाही खाली गेलेलं असतं आणि तोवर तोंडातले जंतूही बदललेले असतात. याशिवाय बेशुद्धी, डोक्याला मार, जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार), एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन फार उतरणं), जास्त गुंगीचं औषध, स्नायू शिथिल करणारं औषध, सपाट झोपवणं, सीटी स्कॅनसाठी आयसीयूबाहेरच्या फेऱ्या, हेही सगळे धोके आहेत. वय आणि मूळ आजार आपल्या हातात नाहीत. बाकीच्यातले बरेच आहेत.

महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांत दोन प्रकारचे रुग्ण व्हेंटिलेटरवर अनेकदा येतात आणि दोघांचाही विचार वेगळा करावा लागतो. पहिला कीटकनाशकाच्या विषबाधेचा. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकाने तोंडाला आणि छातीत पाण्यासारखा स्राव सुटतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते, आणि नळी पडण्याआधीच पोटातलं फुप्फुसात गेलेलं असू शकतं. शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाचं पोट नळी न टाकता धुतलं तर हा धोका आपणच वाढवतो. दुसरा मण्यार चावलेला. त्याचे स्नायू लुळे पडतात, पापण्या उचलत नाहीत, म्हणून तो बेशुद्ध वाटतो. पण बहुतेक वेळा त्याला सगळं ऐकू येत असतं आणि कळतही असतं. सक्शन करण्याआधी त्याचं नाव घेऊन सांगा: ‘दादा, आता नळीतून बेडका काढतोय, खोकला येईल.’ हे दोन्ही रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांची फुप्फुसं मुळात चांगली असतात आणि मूळ दुखणं उतरलं की ते घरी जाऊ शकतात. अशा माणसाला मधल्या आठवड्यात आपल्या हातून न्यूमोनिया व्हावा, ही फार जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

डोकं वर

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश. स्पेनमध्ये झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ अंशांत ठेवलेल्या ३९ रुग्णांपैकी ३ जणांमध्ये न्यूमोनियाची शंका आली, सपाट ठेवलेल्या ४७ पैकी १६ जणांमध्ये. पुढच्या एका डच चाचणीत दिसलं की ४५ ठरवलं तरी प्रत्यक्षात पलंग सरासरी २८ अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे अडचण ठरवण्यात नाही, टिकवण्यात आहे.

डोळ्यांचा अंदाज इथे फसतो; २० अंशसुद्धा तीससारखे दिसतात. पलंगाला कोनमापक नसेल तर मोजपट्टी घ्या. पलंगाचा पाठीचा भाग बिजागरीपासून डोक्याच्या कडेपर्यंत मोजा. तो ७० सेंमी भरला, तर ती कड बिजागरीच्या पातळीपेक्षा ३५ सेंमी वर आली की ३० अंश झाले, आणि जवळजवळ ५० सेंमी वर आली की ४५. ३० अंशांसाठी लांबीच्या निम्मी उंची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भिंतीवर त्या उंचीला रंगीत टेपची पट्टी लावून ठेवा. रात्रपाळीच्या मावशींनाही दारातून दिसते.

पाठ उचलण्याआधी रुग्णाला वर सरकवून त्याची कंबर नेमकी बिजागरीवर आणा, मग आधी गुडघ्याखालचा भाग थोडा उचला आणि शेवटी पाठ. हा क्रम चुकला की रुग्ण तासाभरात घसरतो, पोट दुमडतं, मान छातीला टेकते. पलंग ३० अंशांत असतो आणि माणूस मात्र १० अंशांत. मणक्याला इजा असेल तर पाठ वाकवू नका, अख्खा पलंगच डोक्याकडून वर कलता करा. रक्तदाब फार खाली असेल किंवा ओटीपोटाचं हाड मोडलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून कोन ठरवा आणि कारण लिहून ठेवा. एक्स-रे, ड्रेसिंग, चादर बदलणं यासाठी पलंग सपाट केला की परत वर करायला विसरणं ही नेहमीची चूक. सपाट करणाऱ्यानेच वर करून मग पलंगापासून हलायचं, असा नियम ठेवा.

फुग्याचा दाब

फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. २५ वर ठेवलेला बरा. २० च्या खाली लाळ झिरपते. ३० च्या वर बराच वेळ राहिला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, जखम होते आणि पुढे नळी अरुंद होऊ शकते. बाहेरचा छोटा फुगा चिमटीत धरून दाब कळत नाही, कितीही वर्षांचा हात असला तरी. फुग्याचा दाब मोजणारा एक कफ प्रेशर मॅनोमीटर साऱ्या आयसीयूला पुरतो. तो नसेल तर बाकीच्या खरेदीआधी तो मागवा. रुग्णारुग्णांत वापरताना जोडाची जागा अल्कोहोलने पुसा.

दर ८ तासांनी, म्हणजे पाळीत एकदा, आणि त्याशिवाय कूस बदलल्यावर, स्कॅनहून परत आल्यावर किंवा नळीची जागा बदलल्यावर दाब बघा. मोजण्याची रीत महत्त्वाची आहे. मॅनोमीटर जोडताना फुग्यातली थोडी हवा त्याच्या नळीत जाते, म्हणजे मोजण्यामुळेच दाब उतरतो. म्हणून आधी घसा सक्शनने कोरडा करा, मग मॅनोमीटर जोडा, काटा २५ वर आणा आणि काढताना झटका न देता सरळ काढा. दिसलेला आकडा आणि ठेवलेला आकडा दोन्ही लिहा. दर पाळीला दाब १५-१६ वर उतरलेला सापडत असेल तर फुगा किंवा त्याची झडप गळते आहे. हवा भरत राहणं हा त्यावर इलाज नाही, डॉक्टरांना दाखवा.

फुग्यावर साचलेली लाळ ओढून घेणारी वेगळी वाहिनी असलेल्या नळ्या मिळतात. त्या महाग आहेत. रुग्ण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नळीवर राहील असं सुरुवातीलाच दिसत असेल, जसा मण्यारीचा किंवा विषबाधेचा रुग्ण, तर पहिली नळी तीच टाकणं योग्य. मागाहून निव्वळ तेवढ्यासाठी नळी बदलू नका. ते म्हणजे पुन्हा नळी टाकल्यासारखंच.

तोंड

सबंध आयसीयूत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे दात घासायचा ब्रश. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने रोज ब्रशने दात घासणं आवश्यक कामांत धरलं आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसण्याची शिफारस मागे घेतली. क्लोरहेक्सिडिनने न्यूमोनिया खात्रीने कमी होतो असं दिसलं नाही, उलट काही विश्लेषणांत मृत्यू वाढल्याची शंका आली. २०२३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दात घासण्याने रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेला दिसला आणि सर्वाधिक फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला. मिठाच्या पाण्यात भिजवलेला गाजपट्टीचा बोळा फिरवला म्हणजे दात घासले असं होत नाही. दातावरचा चिकट थर बोळ्याने निघत नाही, तो खरवडावा लागतो.

दिवसातून किमान दोनदा असं करा. लहान मुलांचा, मऊ केसांचा ब्रश घ्या. मोठ्यांचा ब्रश नळीच्या बाजूने मागच्या दाढांपर्यंत जात नाही. डोकं वर असू द्या, मान एका बाजूला वळवा. फुग्याचा दाब २५ आहे हे पाहा. आधी घसा सक्शन करा. दातांच्या बाहेरच्या बाजू, मग आतल्या, मग चावायच्या बाजू, शेवटी जीभ, सगळं मिळून दोनेक मिनिटं. जागा स्वच्छ करायला निर्जंतुक पाणी किंवा सलाईन सिरिंजने ५ ते १० मिलीच टाका आणि त्याच क्षणी सक्शनची नळी गालाच्या खोबणीत धरून ठेवा. एकाने घासायचं, दुसऱ्याने सक्शन धरायचं. एकटीनेच दोन्ही करायचं झालं तर पाणी आणखी कमी घ्या. पेस्ट वापरलीच तर मटारच्या दाण्याएवढी, कारण फेस घशात उतरतो. संपल्यावर ओठाजवळचा नळीचा आकडा पाहा. आधी २२ होता आणि आता २० दिसतोय, तर नळी वर सरकली आहे. मग नळी तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात घेऊन नवी पट्टी बांधा, म्हणजे ओठाला एकाच जागी जखम होत नाही.

ब्रश धुऊन उभा, उघडा, कोरडा होईल असा ठेवा आणि त्यावर पलंग क्रमांक लिहा. ओल्या डबीत बंद केलेला ब्रश दुसऱ्या दिवशी जंतूंचाच ब्रश होतो. प्लेटलेट फार कमी असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश थांबवून मऊ बोळा वापरा. दोन वेळच्या घासण्यांमध्ये दर २ ते ४ तासांनी तोंड ओलं करा आणि ओठांना पातळ थर लावा. विषबाधेच्या रुग्णाचं तोंड विषावर देतात त्या अ‍ॅट्रोपिनमुळे पार कोरडं पडतं, त्याच्याकडे हे जास्त वेळा करावं लागतं.

सक्शन, आणि आयसीयूतलं पाणी

नळीतलं सक्शन घड्याळ लावून नको, गरज पडली की करा: छातीत घरघर ऐकू आली, व्हेंटिलेटरवर दिसणारं प्रेशर वाढलं, व्हेंटिलेटरच्या फ्लोच्या रेषेवर करवतीचे दाते दिसू लागले, ऑक्सिजन उतरला. कॅथेटरची, म्हणजे सक्शनच्या बारीक नळीची, जाडी श्वासाच्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ८ नंबरच्या नळीला १२ फ्रेंच (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी), ७ नंबरला १० फ्रेंच. आधी ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन, दाब ८० ते १२० मिमी पारा, एक फेरी १५ सेकंदांच्या आत. बेडका घट्ट आहे म्हणून नळीत सलाईन सोडायची सवय मोडा. त्याने बेडका विशेष पातळ होत नाही, नळीच्या आतल्या भिंतीवरचा जंतूंचा थर मात्र खाली ढकलला जातो. बेडका घट्ट असेल तर हवेत ओलावा कमी आहे किंवा रुग्णालाच पाणी कमी पडतंय.

तोंडात गेलेलं कॅथेटर पुन्हा नळीत घालायचं नाही, कधीही नाही. आणि कॅथेटर धुवायला उशाशी ठेवलेलं ते पाण्याचं भांडं, ज्यात सकाळी भरलेलं पाणी रात्रीपर्यंत चालतं, ते आज बंद करा. दर वेळी थोडं निर्जंतुक पाणी ओता, वापरा, फेका.

ऑक्सिजनच्या फ्लोमीटरखालच्या बाटलीचं आणि हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचं तेच. त्यात नळाचं पाणी नको, बिसलेरीही नको. निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच. जुन्या पाण्यात नवं ओतून पातळी वाढवणं ही चूक सर्रास दिसते. जुनं ओतून द्या, बाटली कोरडी करा, मग भरा. नेब्युलायझरची वाटी प्रत्येक डोसनंतर निर्जंतुक पाण्याने खंगाळून कोरडी ठेवा, आणि ती प्रत्येक रुग्णाची वेगळी.

व्हेंटिलेटरच्या पाइपात साचणारं पाणी हे रुग्णाच्याच जंतूंनी भरलेलं असतं. पाइप रुग्णापेक्षा खालच्या पातळीत झुलू द्या आणि कूस बदलण्याआधी ते पाणी रुग्णापासून दूर, पाण्याच्या सापळ्यात रिकामं करा. ज्या क्षणी रुग्ण वळवला आणि पाइप वर उचलला गेला, त्या क्षणी ते सगळं पाणी नळीवाटे फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून कूस बदलण्याचा क्रम पाठच करा: फीड (नळीने पोटात दिलं जाणारं अन्न) थांबवा, पाइपातलं पाणी काढा, घसा सक्शन करा, फुगा बघा, मग वळवा. पाइप ठरावीक दिवसांनी बदलायची गरज नाही. मळले किंवा बिघडले तरच बदला. उगाच उघडझाप करण्याने फायदा होत नाही.

हात स्वच्छ करण्याबद्दल नवीन काही सांगायचं नाही. २० ते ३० सेकंद, रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, आणि एकाच रुग्णाच्या मळक्या कामाकडून स्वच्छ कामाकडे जातानाही. ग्लोव्हज घातलेल्या हाताने युरिन बॅग रिकामी करून त्याच हाताने व्हेंटिलेटरचं बटण दाबलं, तर ते ग्लोव्हज फक्त आपलं रक्षण करतात.

पोट

फीड २४ ते ४८ तासांत सुरू करा. राइल्स ट्यूबवरची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवरची) खूण दर फीडआधी पाहा. जोराच्या खोकल्यानंतर ती वर आलेली असू शकते. उलटी होत नसेल तर दर वेळी पोटातलं ओढून मोजायची गरज नाही. फ्रान्समधल्या २०१३ च्या चाचणीत न मोजल्याने न्यूमोनिया वाढला नाही. मोजत असाल तर ५०० मिलीच्या आत आहे म्हणून फीड बंद करू नका. एकदम २०० मिली दिल्यावर उलटी होते असं दिसलं, तर तेच सावकाश, थेंबाथेंबाने द्या.

आम्ल कमी करणाऱ्या औषधांची भीती पूर्वी फार होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना पॅन्टोप्रॅझोल दिल्यावर पोटातला रक्तस्राव कमी झाला आणि न्यूमोनिया वाढला नाही. व्हेंटिलेटरवर असेपर्यंत द्यायला हरकत नाही. उतरल्यावर मात्र आठवणीने बंद करा.

नळी लवकर काढणं

वरची सगळी कामं नळी आहे तोवरची. खरा उपाय नळी काढणं हाच. रोज सकाळी, राउंडच्या आधी, गुंगीचं औषध थांबवून रुग्ण डोळे उघडतो का, सांगितलेलं करतो का ते बघा. किडनी बिघडलेल्या रुग्णात मिडाझोलम हे गुंगीचं औषध दोन-दोन दिवस उतरत नाही. त्याला ‘न्यूरो खराब’ म्हणून आणखी चार दिवस नळीवर ठेवलं जातं. ऑक्सिजन ४० ते ५० टक्क्यांवर, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब) ५ ते ८ वर, रक्तदाब स्थिर आणि खोकला जोरकस असेल तर त्याच दिवशी कमी आधारावर, प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला मशीन देतं तो जोर) ५ ते ८ वर, ३० मिनिटं ते २ तास श्वास घेऊन बघा. श्वास ३५ च्या वर गेला, ऑक्सिजन ९० च्या खाली आला, नाडी १४० च्या वर गेली किंवा रुग्ण घामेजला तर परत आधार द्या आणि उद्या पुन्हा. पास झाला तर नळी आजच काढा. ‘मोठे सर उद्या येऊन ठरवतील’ यात गेलेली प्रत्येक रात्र वर सांगितलेल्या ३ टक्क्यांत मोजली जाते.

विषबाधेच्या रुग्णात मात्र घाई नको. पहिल्या दिवशी सुधारलेला रुग्ण २४ ते ९६ तासांच्या मध्ये पुन्हा लुळा पडू शकतो आणि सुरुवात मानेपासून होते. नळी काढण्याआधी त्याला डोकं उशीवरून उचलून ५ सेकंद धरायला सांगा. जमत नसेल तर थांबा. मण्यारीच्या रुग्णालाही हीच कसोटी लावा.

नळी निघाल्यावर धोका संपत नाही. काही दिवस नळी राहिलेल्या घशाला गिळणं लगेच जमत नाही. ताठ बसवा, आवाज स्वच्छ येतो का, लाळ गिळतो का ते बघा, मग चमचाभर पाणी द्या. खोकला आला किंवा आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा झाला तर तोंडाने काही नको. हे नातेवाइकांना नीट बसून समजावून सांगा. माणूस वाचला या आनंदात आई चमच्याने चहा पाजते, कुणी तीर्थ घालतं. त्यांच्या मायेला दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शंका आली तर

एक्स-रेवर नवा किंवा वाढलेला डाग, आणि त्यासोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या किंवा फार कमी झालेल्या, पूसारखा बेडका, यांपैकी किमान दोन दिसल्या तर न्यूमोनियाची शंका घ्या. ऑक्सिजनची गरज अचानक वाढणं हीदेखील मोठी खूण. पडून काढलेल्या एक्स-रेत कोसळलेलं फुप्फुस किंवा साचलेलं पाणीही डागासारखं दिसतं, म्हणून कालची फिल्म शेजारी धरूनच वाचा.

अँटिबायोटिक बदलण्याआधी नमुना घ्या. नवं निर्जंतुक कॅथेटर, मध्ये नमुन्याची डबी, सलाईन न टाकता. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा; जमणार नसेल तर ४ अंशांवर ठेवा. काढलेल्या नळीचं टोक कापून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, पाठवू नका. त्यावर जंतू असणारच, त्यातून काही कळत नाही. तसंच, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन ठीक, आणि कल्चरमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर आला, तर उपचार रुग्णावर करायचे आहेत, कागदावर नाहीत. अशा कागदांवर सुरू झालेल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकने कित्येक किडन्या बिघडतात.

न्यूमोनिया खरा असेल आणि रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेला, असेल तर नमुना घेऊन तासाभरात औषध सुरू व्हावं. कोणतं, ते आपल्याच आयसीयूच्या गेल्या वर्षभराच्या कल्चरांवरून ठरवा. गेल्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक घेतलेला, ५ दिवसांहून जास्त दाखल असलेला, डायलिसिसवर असलेला रुग्ण असेल तर औषधांना न जुमानणारा जंतू गृहीत धरा. ४८ ते ७२ तासांनी रिपोर्ट आला की औषध कमी करा, नेमकं करा. साधारण ७ दिवस पुरतात. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंच्या २००३ च्या चाचणीत ८ दिवस आणि १५ दिवस यांत मृत्यूंचा फरक दिसला नाही. स्यूडोमोनाससारख्या जंतूंमध्ये मात्र कमी दिवसांनंतर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणून तिथे लक्ष ठेवा. तिसऱ्या दिवशीही ऑक्सिजन सुधारला नाही तर औषध वाढवण्याआधी छातीत पू साचलाय का, सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) ताप आहे का, डोस कमी पडतोय का, ते शोधा.

‘होऊ नये म्हणून’ सरसकट अँटिबायोटिक देणं मात्र चूक. त्याने न्यूमोनिया टळत नाही, फक्त पुढचा जंतू जास्त हट्टी येतो. एक ठोस अपवाद आहे: मेंदूला गंभीर इजा होऊन नळी पडलेल्या रुग्णाला १२ तासांच्या आत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅमचा एकच डोस. २०२४ च्या फ्रेंच चाचणीत त्याने पहिल्या आठवड्यातला न्यूमोनिया ३२ वरून १४ टक्क्यांवर आला. एकच डोस, पाच दिवसांचा कोर्स नाही.

परिणाम आणि मोजमाप

मूळ आजाराने होणारे मृत्यू बाजूला काढले तरी निव्वळ या न्यूमोनियामुळे होणाऱ्या मृत्यूंचे अंदाज १० टक्क्यांच्या आसपास येतात. जे वाचतात त्यांचे व्हेंटिलेटरचे आणि आयसीयूचे दिवस वाढतात, स्नायू झिजतात, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी) करावी लागते, आणि घरच्यांना आधी दागिने, मग जमीन काढावी लागते.

आपल्याकडे किती होतो हे कळायला रोज सकाळी ६ वाजता व्हेंटिलेटरवर किती रुग्ण आहेत ते वहीत लिहा. महिन्याची बेरीज म्हणजे व्हेंटिलेटर दिवस. समजा बेरीज १४२ आली आणि ३ न्यूमोनिया झाले, तर ३ भागिले १४२ गुणिले १००० म्हणजे दर हजार व्हेंटिलेटर दिवसांमागे २१.१. हा आकडा दर महिन्याला एकाच पद्धतीने काढा. आकडा कमी दिसावा म्हणून व्याख्या बदलू नका. लहान आयसीयूत एका रुग्णानेही आकडा उसळतो, म्हणून तीन महिन्यांचा एकत्र बघा.

एकाच सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर असतील आणि वेळ पुरत नसेल, तर क्रम असा: सकाळी गुंगी थांबवणं, पलंगाचा कोन, फुगा, तोंड. प्रत्येक न्यूमोनियानंतर त्या रुग्णाच्या या चार नोंदी काढून शेजारी शेजारी ठेवा. फुग्याच्या रकान्यात सलग सहा पाळ्या २५-२५ लिहिलेलं दिसलं, तर दाब मोजला गेलेला नाही असंच समजा, आणि त्या पाळीत किती पलंग किती जणांवर होते ते विचारा.